स्पीडुइनोसाठी वाइडबँड घेताना: आधी कंट्रोलर ठरवा, मग सेन्सर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००४ ची एस्टीम, १.३ लिटरचं मूळचं मल्टिपॉइंट इंजिन, त्यावर स्पीडुइनो, म्हणजे स्वतः ट्यून करायचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक). घर कोपरखैरणेला. गाडी सुरू होते, चालते, पण हवा-पेट्रोलचं मिश्रण मूळच्या नॅरोबँड (एक्झॉस्टमधल्या साध्या ऑक्सिजन) सेन्सरच्या भरवशावर, अंदाजाने जुळवलेलं आहे. आता मिश्रणाचा नेमका आकडा सांगणारा वाइडबँड सेन्सर घ्यायचाय. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका स्कोडातून काढलेला बॉशचा एलएसयू ४.२ स्वस्तात मिळतोय. ऑनलाइन एलएसयू ४.९ दिसतोय. शिवाय गेजसकट एक चिनी किट आहे, ज्याची किंमत नुसत्या अस्सल सेन्सरपेक्षाही कमी. यातलं काय घ्यावं, स्पीडुइनोला थेट जोडता येईल का आणि बसवायचं कुठे?

नवा, अस्सल ४.९ घ्या आणि त्याच्याचसाठी बनवलेला वेगळा कंट्रोलर घ्या. थेट जोडता येणार नाही. जागेबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत सेन्सर खराब निघण्यापेक्षा जागा आणि वायरिंग चुकलेलंच जास्त वेळा निघतं.

थेट का जोडता येत नाही ते आधी समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप सुटेल. तुमचा नॅरोबँड स्वतःच व्होल्टेज तयार करतो: रिच (पेट्रोल जास्त) असताना ०.९ व्होल्टच्या आसपास, लीन (पेट्रोल कमी) असताना ०.१ च्या आसपास आणि मधे लॅम्बडा १ ला एकदम उडी. (लॅम्बडा म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण आदर्शाच्या किती पट आहे तो आकडा, १ म्हणजे नेमकं आदर्श.) म्हणजे तो फक्त ‘अलीकडे की पलीकडे’ एवढंच सांगतो. पूर्ण थ्रॉटलला लॅम्बडा ०.८७ आहे की ०.७८, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही, दोन्हीकडे तो जवळपास तोच आकडा देणार.

वाइडबँडचं काम उलटं आहे. त्याच्या आत एक छोटी पोकळी असते, त्यात एक्झॉस्टचा वायू बारीक फटीतून झिरपतो. एक सेल त्या पोकळीतला ऑक्सिजन मोजतो, दुसरा सेल ऑक्सिजन आत-बाहेर पंप करतो. बाहेरच्या सर्किटने पंपाचा करंट असा सांभाळायचा की मोजणाऱ्या सेलवर सतत ४५० मिलिव्होल्ट राहतील. लॅम्बडा १ ला पंपाचा करंट शून्य, लीन झालं की एका दिशेला, रिच झालं की उलट्या दिशेला. आपल्याला हवा असलेला आकडा या करंटमध्ये असतो आणि तो काही मिलिअँपचाच असतो. मोकळ्या हवेत ४.९ चा करंट जेमतेम अडीच मिलिअँप. शिवाय सेन्सरचा हीटर अचूक तापमानाला धरून ठेवायचा असतो. हे सगळं सर्किट स्पीडुइनोच्या बोर्डावर नाही. त्याला फक्त ० ते ५ व्होल्टचा तयार सिग्नल कळतो. करंट सांभाळून, हीटर चालवून तो सिग्नल बनवणारा डबा म्हणजे कंट्रोलर. एक्युमास्टरचा ईएमयू ब्लॅक, लिंकचा फ्युरी यांसारख्या महागड्या ईसीयूंमध्ये हे सर्किट आतच असतं, तिथे सेन्सर सरळ जोडतात. तुमच्या बाबतीत तो डबा वेगळा घ्यावाच लागेल आणि खरी निवड त्याचीच आहे.

आता कुर्ल्याच्या ४.२ बद्दल. त्याला वाईट सेन्सर म्हणता येणार नाही, फोक्सवॅगन ग्रुपच्या कितीतरी गाड्या त्यावर चालल्या. पण दोन अडचणी आहेत. ४.२ ला तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि ती त्याच्या वायरींच्या बाजूने आत जाते. त्या वाटेने ओल, पेट्रोलची वाफ, सिलिकॉन काहीही गेलं की तुलनेचा पायाच बिघडतो आणि रीडिंग सरकतं. ४.९ मध्ये ही भानगड काढून टाकली, तुलनेचा ऑक्सिजन तो स्वतःच किंचित करंटने पंप करून घेतो. चार महिने पाऊस, वर खाडीची दमट हवा, अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने तरी हा फरक हलक्यात घेऊ नये. दुसरी अडचण म्हणजे सेन्सर जुन्या गाडीतून काढलेला. त्या गाडीने किती ऑइल खाल्लं, एक्झॉस्टला कुणी कुठला सीलंट फासला, काढताना सेन्सर फरशीवर पडला का, यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. आतला सिरॅमिक तडकलेला असला तरी वरून लोखंड चकचकीत दिसतं.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ४.२ आणि ४.९ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कनेक्टर वेगळे आहेतच, पण काही जण वायरी कापून जोडतात म्हणून सांगतो. कंट्रोलर सेन्सरचं तापमान थर्मामीटरने मोजत नाही, मोजणाऱ्या सेलच्या रेझिस्टन्सवरून ओळखतो. ४.२ साठी तो ८० ओहम धरतो, तेव्हा सेन्सर साधारण ७५० अंशांवर असतो. ४.९ साठी ३०० ओहम, तेव्हा साधारण ७८० अंश. हा रेझिस्टन्स तापमान वाढलं की कमी होतो. म्हणजे ४.२ च्या कंट्रोलरला ४.९ लावला तर तो ८० ओहम गाठायच्या नादात सेन्सर भाजून काढणार. उलट केलं तर सेन्सर थंडच राहणार आणि आकडा खोटा येणार. म्हणून कंट्रोलर कुठल्या सेन्सरसाठी आहे ते त्याच्या मॅन्युअलमध्ये वाचा, विक्रेत्याच्या ‘सब चलेगा सर’वर जाऊ नका.

कनेक्टर कापायचा नाही याचं अजून एक कारण. सेन्सरकडून पाच वायरी येतात, पण कनेक्टरला पिना सहा असतात. सहावी पिन कनेक्टरच्या आत बसवलेल्या एका बारीक रेझिस्टरची. प्रत्येक सेन्सरचा पंप करंट थोडा वेगळा येतो, म्हणून कारखान्यात तो मोजून हा रेझिस्टर त्याच सेन्सरपुरता ट्रिम करतात. कनेक्टर कापून टाकलात की कारखान्यातलं ते कॅलिब्रेशन कचऱ्याच्या डब्यात गेलं. वायर कमी पडत असेल तर कंट्रोलरच्या बाजूची एक्स्टेंशन वायर घ्या, सेन्सरच्या बाजूला हात लावू नका.

४.९ घेताना बॉशचा ०२५८०१७०२५ हा नंबर मागा. ट्यूनिंगवाल्या जगात बहुतेक कंट्रोलर याच्यासोबत येतात, त्यामुळे पुढे बदलायची वेळ आली तरी शोधाशोध नाही. बॉशचाच एलएसयू एडीव्ही त्याहूनही नवा आहे, पण छोट्या कंट्रोलरांपैकी मोजकेच त्याला ओळखतात. एनटीकेचे सेन्सर रेसवाल्यांना आवडतात, त्यांचा कंट्रोलर वेगळा असतो. तुमच्या कामाला दोन्हींची गरज नाही.

चिनी किटबद्दल लोक माझ्याशी वाद घालतात. गेज, सर्किट, डबा चिनी असायला माझी हरकत नाही, कंट्रोलर कुठे बनला याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते आतल्या सेन्सरने. बॉशच्या नावाचे, बॉशचाच नंबर कोरलेले नकली सेन्सर सर्रास मिळतात आणि सुरुवातीला ते आकडा दाखवतातही. पण रिचच्या बाजूला, म्हणजे तुम्हाला सगळ्यात जास्त भरवसा हवा तिथे, ते किती खरं बोलतात ते तपासायचं साधन तुमच्याकडे नाही. पूर्ण किट अस्सल सेन्सरपेक्षा स्वस्त असेल तर आतला सेन्सर काय असणार हे वेगळं सांगायला नको. किट घेतलंच तर सेन्सर बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडून वेगळा घ्या.

मी स्वतः कुठला कंट्रोलर सुचवीन? तुमच्यासाठी एईएमचा एक्स सीरिज गेज किंवा इनोव्हेटचा एलसी-२. एईएमला मोकळ्या हवेतलं कॅलिब्रेशन करावं लागत नाही, तो कनेक्टरमधल्या रेझिस्टरवर चालतो. एलसी-२ ला ते करावं लागतं: सेन्सर पाइपातून काढून मोकळ्या हवेत धरायचा, गॅरेजमध्ये दुसरी गाडी धूर ओकत असताना नाही. पण त्याचा फायदा असा की जुना होत चाललेला सेन्सर थोडाफार सावरून घेता येतो. पहिल्यांदाच करणाऱ्याला मी एईएम देतो. डोळ्यासमोर गेज असलं की वायरिंगची चूक शोधणं फार सोपं जातं. कसं, ते सांगतो.

एईएमच्या एक्स सीरिजचा ॲनालॉग सिग्नल असा आहे: ०.५ व्होल्ट म्हणजे एएफआर (हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण) ८.५ आणि ४.५ व्होल्ट म्हणजे १८. म्हणजे दर ०.१ व्होल्टमागे साधारण ०.२४ एएफआर. ट्यूनरस्टुडिओमध्ये (स्पीडुइनो जुळवायचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) एएफआर कॅलिब्रेशनच्या खिडकीत हेच दोन बिंदू भरायचे. दुसऱ्या मॉडेलचा तयार पर्याय निवडलात तर सगळं ट्यूनिंग पहिल्या दिवसापासून वाकडं. आता समजा कंट्रोलरचं अर्थ (ग्राउंड) तुम्ही डॅशबोर्डखालच्या एखाद्या स्क्रूला दिलं आणि स्पीडुइनोचं अर्थ इंजिनावर. सेन्सरचा हीटर करंट ओढतो, तो त्या गंजक्या स्क्रूतून जाताना कंट्रोलरचं अर्थ दहावा हिस्सा व्होल्टने वर उचललं जातं. स्पीडुइनोला तेवढा सिग्नल जास्त दिसतो, म्हणजे मिश्रण आहे त्यापेक्षा लीन दिसतं. ऑटोट्यून (सॉफ्टवेअरची आपोआप जुळवणी) इमानेइतबारे पेट्रोल वाढवत बसतो. गाडी जड चालते, प्लग काळे पडतात आणि दोष मात्र सेन्सरला.

तपासायचं असं. इंजिन गरम, गाडी जागेवर उभी, गेजवर १४.७. मल्टिमीटरचं काळं टोक स्पीडुइनोच्या सेन्सर ग्राउंडला, लाल टोक स्पीडुइनोच्या ओटू (ऑक्सिजन सेन्सरच्या) पिनला. ३.११ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. मग हेडलाइट लावा, एसी लावा, रेडिएटरचा फॅन सुरू होऊ द्या. गेजवर आकडा जिथल्या तिथे, पण लॅपटॉपवर पाव पॉइंटने सरकला तर दोष अर्थचा आहे, सेन्सरचा नाही. उपाय: कंट्रोलरचं अर्थ जाड वायरने तिथेच न्या जिथे ईसीयूचं अर्थ आहे, इंजिन ब्लॉकवर, रंग खरवडून. कंट्रोलरला सिग्नल ग्राउंडची वेगळी वायर असेल तर ती स्पीडुइनोच्या सेन्सर ग्राउंडला. हीटरचं अर्थ मात्र सेन्सर ग्राउंडला कधीच नको.

वीजपुरवठ्याबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात सेन्सर जास्त करून याच कारणाने मरतात. रात्रभर बाहेर उभ्या गाडीच्या एक्झॉस्टमध्ये पाणी जमतं. तुम्ही चावी फिरवून लॅपटॉप उघडता, पाच मिनिटं फ्युएल टेबल (कधी किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता) बघत बसता. तेवढ्यात सेन्सर सातशे-साडेसातशे अंशांवर. मग स्टार्टर मारता आणि पाण्याचे थेंब उडून तापलेल्या सिरॅमिकवर. तडकलाच समजा. म्हणून कंट्रोलरची वीज इग्निशनवरून न घेता फ्युएल पंपच्या आउटपुटने चालणाऱ्या वेगळ्या रिलेवरून घ्या, स्वतःचा फ्यूज लावून. चावी फिरवल्यावर पंप दोन-एक सेकंद प्राइम होऊन थांबतो, इंजिन फिरलं की परत सुरू होतो, म्हणजे हीटरही इंजिनाबरोबरच तापतो. पंपाच्या वायरीलाच टोचून घेऊ नका, पंपाला व्होल्टेज कमी पडेल. आणि उलट चूकही करू नका: कंट्रोलर काढून ठेवलाय पण सेन्सर पाइपात तसाच, हीटरशिवाय. थंड सेन्सरवर काजळी बसते आणि तो हळूहळू मरतो. गाडी तशी चालवायची असेल तर सेन्सर काढून तिथे प्लग लावा.

आता जागा. एस्टीममध्ये मूळ नॅरोबँडचं भोकही एम १८ × १.५ आट्यांचंच असतं, वाइडबँड तिथे बसतो. पण हेडर (इंजिनातून निघणारे एक्झॉस्ट पाइप) बदलला असेल तर नवा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) वेल्ड करा. जागा चारही पाइप एकत्र झाल्यानंतरची, हेडपासून साधारण अर्धा ते एक मीटर. फार जवळ लावला तर सेन्सरची षटकोनी बॉडी प्रमाणाबाहेर तापते (बॉशच्या हिशेबाने ४.९ ची मर्यादा ६०० अंश) आणि एकाच सिलिंडरचा वायू जास्त मोजला जाण्याचा धोका. फार मागे लावला तर आकडा उशिरा येतो. सायलेन्सर नसेल किंवा छोटा असेल तर शेपटीपासून निदान मीटरभर आत ठेवा, नाहीतर आयडलला बाहेरची हवा उलटी आत ओढली जाते आणि रीडिंग लीन येतं. सेन्सर आडव्या रेषेच्या किमान १० अंश वर कललेला हवा, म्हणजे पाणी त्याच्या टोपीत साचत नाही. खालून लावलेला सेन्सर दिसला की मी पुढे काही विचारतच नाही. बंग रबाळे किंवा तुर्भे एमआयडीसीत कुठल्याही टर्नरकडून बनवून मिळेल. टिग वेल्डिंग करा आणि वेल्डिंग करताना सेन्सर आत ठेवू नका. हे सांगायला लागू नये, पण लागतं. घट्ट करायला २२ चा पाना, ४० ते ६० न्यूटन मीटर. नव्या सेन्सरच्या आट्यांना आधीच पेस्ट असते, टोकाच्या टोपीला काहीही लागू देऊ नका.

सेन्सरच्या आधी कुठेही एक्झॉस्ट गळत असेल तर रीडिंग लीन येणार. हेडर गॅसकेटजवळ काळे डाग बघा. मिसफायर असेल तरीही लीनच येणार, कारण न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो. वाइडबँड ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही. म्हणून आधी प्लग, वायरी, कॉइल ठीक करा आणि मगच आकड्यावर विश्वास ठेवा. तुमचं इंजिन वीस वर्षांहून जुनं आहे. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येत असेल तर व्हॉल्व्ह सील आधी बदला, जळलेलं ऑइल सेन्सरला खातं. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्याही बंद करा. त्यातल्या काहींत मँगनीज किंवा लोखंडाचे संयुग असतात, त्यांचा थर सेन्सरवर बसतो.

आता आकडा वाचायचा कसा. हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण इथे सगळे अडखळतात. सेन्सर लॅम्बडा मोजतो, एएफआर नाही. गेज त्या लॅम्बडाला १४.७ ने गुणून दाखवतं, कारण निखळ पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७. आपल्याकडच्या पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे, त्याचं आदर्श प्रमाण साधारण १३.५. गेज मात्र लॅम्बडा १ ला १४.७ च दाखवणार. हे चुकीचं नाही, पण लोक कुठूनतरी इथेनॉलचं प्रमाण वाचून येतात आणि लक्ष्य १३.५ ला ठेवतात. झालं काय, तर गाडी लॅम्बडा ०.९२ वर, दिवसभर रिच. यावर साधा उपाय: गेज आणि ट्यूनरस्टुडिओ दोन्हींत लॅम्बडा दाखवायला सांगा आणि एएफआर विसरून जा. इंधन कुठलंही असो, लॅम्बडा १ म्हणजे लॅम्बडा १. टर्बो नसलेल्या तुमच्या इंजिनाला आयडल आणि सावकाश क्रूझला १ च्या आसपास, पूर्ण थ्रॉटलला ०.८६ ते ०.८८ धरा. जुनं फ्युएल टेबल १० टक्के इथेनॉलच्या काळात बनवलेलं असेल तर आत्ताच्या पेट्रोलवर ते सुमारे चार टक्के लीन निघेल, वाइडबँड लावल्यावर पहिल्याच दिवशी हा धक्का बसू देऊ नका.

चारही सिलिंडरचा मिळून एकच आकडा येतो हेही लक्षात असू द्या. एक इंजेक्टर अर्धा चोकअप असेल तर गेज थोडं लीन दाखवेल, तुम्ही सगळ्यांना पेट्रोल वाढवाल आणि तीन सिलिंडर रिच, एक अजून लीनच. म्हणून लॉगसोबत चारही प्लग काढून बघायची सवय ठेवा, आणि इंजेक्टर आधीच साफ करून, फ्लो मोजून घ्या.

लॉगिंगसाठी ठाणे-बेलापूर रस्ता पहाटे बरा, एका वेगात लांबवर जाता येतं. लॅपटॉप मित्राच्या मांडीवर, तुमचे डोळे रस्त्यावर. पूर्ण थ्रॉटलचे आकडे रस्त्यावर घेऊ नका, पाम बीचवर तर अजिबात नाही. त्यासाठी डायनोचे (गाडी रोलरवर जागीच पळवून मोजायचं यंत्र) पैसे द्या. टेबल बऱ्यापैकी बसेपर्यंत क्लोज्ड लूप करेक्शन (सेन्सरचा आकडा बघून ईसीयूने आपोआप पेट्रोल कमी-जास्त करणं) बंद ठेवा, नंतर सुरू केलं तरी दहा टक्क्यांपलीकडे अधिकार देऊ नका. सेन्सर मेला आणि लीनचा आकडा धरून बसला तर मोकळं सोडलेलं करेक्शन टाकी रिकामी करतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायला मर्यादा आहेत. म्हणून मूळ ईसीयू, वायरिंग आणि नॅरोबँड सेन्सर फेकू नका, एका खोक्यात भरून ठेवा. पूर्ण स्पीडुइनोवर असल्याने नॅरोबँडची आत्ता गरज नाही. पण उद्या मूळ ईसीयू परत लावला तर तो हाच सेन्सर शोधणार आणि नवा वाइडबँड त्याला सरळ जोडता येणार नाही. तेव्हा एलसी-२ सारख्या कंट्रोलरचा दुसरा आउटपुट नॅरोबँडची नक्कल म्हणून सेट करता येतो, एक्स सीरिज गेजच्या भरवशावर ती सोय धरू नका. मूळ ईसीयूवर परत जायचा विचार आत्तापासूनच डोक्यात असेल, तर तेवढ्या एका कारणासाठी एलसी-२ घ्या आणि मोकळ्या हवेतलं कॅलिब्रेशन करायची सवय लावून घ्या.